देव पाण्यात, चकल्या तेलात

आमच्या पिस्कॅटवेच्या कॉलनीतलं कोपऱ्यावरचं मेपल लाल झालं की माझा हात आपोआप वरच्या कपाटाकडे जातो. तिथे सोऱ्या असतो. आईचा, पितळी, अंगाने जड. वर्षभर तो तिथे गप्प पडून असतो आणि ऑक्टोबरात एकदम घरातला महत्त्वाचा माणूस होतो. त्याला चिंच लावून घासायचं, चकलीची चकती शोधायची, भाजणी चिमटीत धरून वास घ्यायचा. खिडकी उघडून ठेवायची, कारण तेल तापलं की आधी छतावरचा धुराचा अलार्म बोंब मारतो आणि मग चकली तळली जाते. खिडकीतून गार वारा आत येतो, पानं उडवायच्या मशीनची घरघर येते, आणि तो वारा, ती घरघर, तो खमंग वास असं सगळं एकत्र झालं की मला दर वर्षी एकच गोष्ट आठवते. दिवाळी नव्हे. मोल्डोवाची मतमोजणी.

हसू नका. तो देश कुठे आहे हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. युरोपच्या पूर्वेला, दोन मोठ्या शेजाऱ्यांच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखा आहे. ह्यांनी नकाशावर पेन्सिलीचं टोक ठेवून दाखवला, तर टोकाखाली अर्धा देश झाकून गेला. पण त्या अर्ध्या झाकलेल्या देशातली एक बाई आमच्या भिंतीपलीकडे राहते. भिंतीपलीकडे म्हणजे अगदी खरोखर. टाउनहाऊस आमचं, तिच्या नि माझ्या स्वयंपाकघराला एकच भिंत. मी ठेचा कुटायला घेतला की तिच्या कपाटातले कप किणकिणतात.

लिलिया तिचं नाव. मी लीला म्हणते, ती ओ देते. शाळेची पिवळी बस चालवते. बसमधली अर्धी पोरं आपलीच, त्यामुळे तिला 'चला चला', 'बस खाली' आणि 'गप्प' एवढं मराठी येतं, आणि खरं सांगायचं तर संसाराला तेवढं पुरतं. बाकी आमचं सगळं इंग्रजीत चालतं. तिचंही मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे दोघींनाही लाज वाटत नाही. सगळी कॉलनी मला मावशी म्हणते म्हणून तीही मावशीच म्हणते.

रविवारी सकाळी ती तिच्या आईला फोन करायची. स्पीकरवर, कारण हात कणकेत. तिची कणीक पातळ लाटायची, आत लाल भोपळा भरायचा. आपल्या घारग्यांची लांबची बहीणच. इकडची सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ, म्हातारी कोंबड्यांना खुराड्यात घालत असायची. त्या कोंबड्या मला भिंतीतून ऐकू यायच्या. भाषा कळायची नाही, पण कोंबड्यांचं कळायचं. त्यातली एक आत जायला तयार नाही, हे कुठल्याही भाषेत कळतं. मी पोह्यांना फोडणी देताना मनात म्हणायची, घाला एकदाची तिला टोपलीखाली.

त्या वर्षी तिच्या देशात सार्वमत होतं. युरोपच्या संघात जायचं हे राज्यघटनेत लिहून टाकायचं का, हो की नाही, एवढाच प्रश्न. आणि त्या एवढ्याशा प्रश्नाने कोंबड्या बंद पडल्या.

"आई म्हणते, तू मत देऊ नकोस," एका दुपारी ती आमच्या मागच्या पायरीवर बसून म्हणाली. हातात माझा आल्याचा चहा, पायाशी पानांचा ढीग.

"का गं?"

"म्हणते, विहिरीवर बर्फ धरतो तो फोडायला तू येतेस का? थंडीत गॅस महागला तर तू गारठतेस का? मग माझं घर कुणाच्या बाजूला उभं राहायचं ते तू कोण ठरवणार?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझा भाचा शाळा संपली की जाईल. शेजारची दोन घरं बंदच आहेत. सगळे निघून चाललेत, म्हणूनच मत द्यायचंय. परत यायला काहीतरी उरायला नको?" ती चहाचा कप फिरवत राहिली. "मग ती म्हणाली, ते मत देणार असशील तर मला फोन करू नकोस."

"दोघींचंही बरोबर आहे," हे आतून म्हणाले. आयुष्यभर पुलांची गणितं केलेल्या माणसाला असं काही सुचलं की मला धास्ती वाटते.

पण खरं होतं. मला तिची म्हातारी पटत होती, हीच तर पंचाईत. माझा भाऊही फोनवर मला म्हणतो, ताई, तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस, तुला इथल्या धुळीचा खोकला होत नाही. तो म्हणतो तेव्हा राग येतो, आणि फोन ठेवल्यावर राग कुणावर काढायचा ते कळत नाही. इथला पासपोर्ट घेतला त्या दिवशी तिकडचं माझं मत गेलं. इकडे मत दिलं की स्टिकर देतात, कोटावर लावायला. छान असतं. पण शाईसारखं ते आठवडाभर बोटावर राहत नाही. पोळ्या लाटताना, वेणी घालताना, आपणच आपल्याला दिसत राहायचो शाईत. लीलाला मात्र अजून मत होतं, आणि ते देण्याची किंमत तिच्या आईने ठरवून टाकली होती.

ती रविवारी सकाळीच न्यूयॉर्कला निघाली, तिच्या देशाच्या वकिलातीत मत द्यायला. चांगला कोट, लिपस्टिक, केस बांधलेले. लग्नाला निघाल्यासारखी. भिंत गप्प होती. मी आंघोळ करून देवघरापुढे उभी राहिले आणि मला काही सुचेना, तेव्हा जे आमच्याकडच्या बायकांना सुचतं तेच केलं. पितळेचा गणपती उचलला आणि काचेच्या बाऊलमध्ये पाण्यात ठेवला.

"अगं, सोंड तरी वर राहू दे," हे म्हणाले.

"पूर्ण बुडवायचा असतो. काम होईपर्यंत."

"परक्या देशाच्या राजकारणात पडतेयस तू. ते पण ह्याला बुडवून."

पडतेय तर पडतेय. मी आईला असंच पाहिलंय. खानदेशातल्या आमच्या गावात नगरपालिकेच्या निवडणुकीला माझे काका उभे होते, आणि त्यांच्या विरुद्ध शेजारच्या शेवंताकाकूंचा सख्खा भाऊ. आईने आमचा देव पाण्यात घातला, काकूंनी त्यांचा. मोजणी शाळेत, कागदाच्या मतांची, त्यामुळे उरकता उरकेना. मधूनच कुणीतरी सायकलवरून येऊन वॉर्डाचा आकडा ओरडून जायचं. एका ओट्यावर आनंद, दुसऱ्या ओट्यावर भांडी आपटायची. थोड्या वेळाने उलट. पण त्याच दिवशी ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडच्या पापड्या, घालायच्या होत्या. पीठ आदल्या रात्रीपासून आंबवलेलं, ऊन कडक, आणि खाट एकट्या बाईला भरता येत नाही. मग काय, दोघी एकाच खाटेच्या दोन बाजूंना. तोंड फिरवलेलं, हात चाललेले. आईने एक बिबडी थापली की काकू एक थापायच्या. बोलायचं तर खाटेशी. "पाणी सरकव गं खाटे." मी आणि काकूंची मुलगी हसून हसून बेजार.

लीला दुपारी परतली. थकलेली, पण चेहऱ्यावर उजेड. "अख्ख्या इमारतीला वळसा घातला होता रांगेने, मावशी. बाळं काय, म्हाताऱ्या काय. कुणीतरी डबा भरून खायला आणलं होतं, ते रांगेतून पुढे पुढे गेलं. अख्खं गाव उभं होतं. फक्त ते गाव आता आमच्या गावात राहत नाही."

मग तिला बाऊल दिसला. ती वाकून बघत राहिली. "याला शिक्षा केलीय?" पोरांच्या बसवर दिवस काढणारी बाई, तिला दुसरं काय सुचणार.

मी समजावलं. काम झालं की बाहेर, तोवर पाण्यात.

"म्हणजे हे ब्लॅकमेल."

"बरोबर ओळखलंस," हे म्हणाले. "ह्याबाबतीत महाराष्ट्राचा अनुभव दांडगा आहे."

ती हसली आणि हसताहसता थांबली. "माझ्या आईने पण चर्चमध्ये मेणबत्ती लावली असणार. 'नाही'साठी."

तिकडे रात्र झाली होती, मोजणी सुरू झाली होती. इकडे न्यूयॉर्कला अजून माणसं रांगेत होती. तिला तिच्या घरात बसवेना. मी म्हटलं, इथे बस, पण रिकामी बसायचं नाही. टॅब भाजणीच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यावर दोन पट्ट्या, एक होची, एक नाहीची, आणि खाली आकडे. ह्यांनी चष्मा लावून रिफ्रेशचं खातं स्वतःकडे घेतलं. माझ्याकडे तेल. लीलाकडे सोऱ्या.

पहिल्या आकड्यापासून 'नाही' पुढे.

"ही शहरातली मतं नाहीत अजून," लीला म्हणाली आणि सोऱ्याचा दांडा फिरवला. चकली अर्ध्यात तुटली.

"पाण्याचा हात लावून परत मळ. आणि पट्टीकडे बघू नकोस, चकलीकडे बघ."

"मावशी, तुम्ही सांगताय मला? तुमची करपतेय."

खरंच करपत होती. मीही पट्टीकडेच बघत होते. देश माझा नाही, भाषा कळत नाही, पण कमी-जास्त होणाऱ्या दोन पट्ट्या कुणालाही धरून ठेवतात. हे पुन्हा पुन्हा बोट लावत होते आणि कागदावर काहीतरी मांडत होते. "बाहेरची मतं शेवटी येणार. पण ती कितीशी असणार?" असं म्हणून आशाही लावत होते आणि ती काढूनही घेत होते. तळलेल्या चकल्यांचं ताट भरत गेलं, पैकी अर्ध्या तुटक्या. लीलाच्या कोपराला भाजणी, नाकाला भाजणी.

मध्येच तिने हात पुसले, टॅब जवळ ओढला आणि काहीतरी शोधू लागली. गावागावाचे आकडेही त्यावर दिसत होते. तिला तिचं गाव सापडलं. तिथे 'नाही' भरभरून होतं, 'हो'ला चिमूटभर. मला वाटलं, आता हिरमुसणार. ती म्हणाली, "बघा, किती जण गेलेत मत द्यायला. ह्या थंडीत. टेकडी चढून जावं लागतं शाळेत." आवाजात चक्क अभिमान. मग तिने 'नाही'च्या आकड्यावर बोट ठेवलं, अगदी हलकं, झोपलेल्या पोराच्या गालाला लावावं तसं. "ह्यात आई आहे."

तेलात एक चकली होती, ती मी काढली.

नंतर मी पाणी प्यायच्या निमित्ताने देवापाशी गेले. सकाळी त्याला सांगताना मी मोघम सांगितलं होतं, लीलाच्या मनासारखं होऊ दे म्हणून. आता नीट सांगितलं. म्हटलं, बाबा, ते हो आणि नाही तुझं तू बघ, त्यातलं मला कळत नाही. माझं काम एवढंच, की त्या भिंतीतून कोंबड्या ऐकू येऊ देत.

निघताना लीलाने तुटक्या चकल्यांचा डबा घेतला. 'नाही' अजून पुढेच होतं, पण अंतर कमी होत चाललं होतं. दारात ती म्हणाली, "हरलो तर बरं, मावशी."

"असं का म्हणतेस?"

"हरले तर आईला फोन करता येईल."

सकाळी मी उठले तर हे चहा न घेताच टॅबपाशी. "उलटलं," म्हणाले. "अगदी केसभर. बाहेरच्यांची मतं आली आणि उलटलं."

लीला सकाळची फेरी संपवून थेट आमच्याकडे आली, अंगात ते चमकणारं जॅकेट तसंच. "जिंकलो," ती म्हणाली. हातून काचेचं भांडं फुटलं की आपण सांगतो ना, त्या आवाजात. खुर्चीवर बसली. टॅबवर तिने न्यूयॉर्कचा आकडा काढून दाखवला. "ह्यात मी." मग म्हणाली, "गावातले लोक काय म्हणतील? घरात राहणाऱ्यांनी एक ठरवलं आणि घर सोडून गेलेल्यांनी दुसरं. आईला मी हरवलं. आता कुठल्या तोंडाने फोन करू?"

मी तिच्यापुढे चहा ठेवला. आपलं तोंड त्या वेळी गप्प राहील तर शपथ, पण सांत्वनाचं काही येईना, म्हणून मी बिबड्यांची गोष्ट सांगितली. आमचे काका हरले. काकूंचा भाऊ जिंकला, गुलाल उधळला, आणि शेवंताकाकूंनी दार लावून घेतलं. जिंकलेली बाई लाजेने घरात. दुसऱ्या दिवशी उन्हं आली तरी बाहेर येईनात. तेव्हा आई आमचा देव पाण्यातून काढून, ओला, फडक्यात गुंडाळून त्यांच्या दाराशी गेली. म्हणाली, "तुझा काढलास की नाही बाहेर? आण इकडे. खाट टाकलीय उन्हात." त्या दिवशी खाटेवर बिबड्यांच्या मधोमध दोन देव वाळत होते. आमचा हरलेला आणि त्यांचा जिंकलेला, शेजारी शेजारी. कावळ्यांवर लक्ष ठेवायला मला बसवलं होतं.

लीला ऐकून हसली. मग म्हणाली, "पण तुमच्या आईला फक्त ओटा ओलांडायचा होता."

मी तिच्या कपात उरलेला चहा ओतला.

जाताना तिचं बाऊलकडे लक्ष गेलं. "काढा ना आता त्याला. झालं काम."

"राहू दे थोडं."

"का?"

"माझं नाही झालं अजून."

तिने माझ्याकडे पाहिलं. पोरांना बसमधून उतरवताना ती अशी बघते, कोण घरी जायला तयार नाही ते तिला कळतं.

मग दिवस गेले. रोज सकाळी मी पाणी बदलायची. शंकरपाळे झाले, चिवडा झाला, लाडवांचा पाक बिघडला, पुन्हा केला. मेपल ओकंबोकं झालं. रविवार आला, भिंत गप्प. त्या सकाळी लीला काहीतरी लाटत होती, लाटण्याचा आवाज येत होता आणि त्यावर कुणाचाच आवाज नव्हता. मला तो एकट्या लाटण्याचा आवाज सहन होईना. मी मुद्दाम खलबत्ता काढला आणि उगाच शेंगदाणे कुटले. पलीकडचे कप किणकिणले. तिने भिंतीवर दोनदा टकटक केली. तेवढंच.

लक्ष्मीपूजनाला हे म्हणाले, "मुख्य पाहुणा अजून टबमध्येच? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, त्याला गरम होतंय."

"नोव्हेंबर जवळ आलाय."

पूजा बाऊलसकट केली. झेंडूचं एक फूल पाण्यात सोडलं, ते त्याच्या मुकुटाला जाऊन टेकलं. कुणाला सांगू नका, पण तो इतका छान कधीच दिसला नव्हता. लीला फराळाला आली होती, तिच्या हातची चकली तिनेच ओळखली, कारण तिला शेपूट नव्हतं. ती वाटीभर चकल्या बघत म्हणाली, "आईला आवडल्या असत्या. तिला कडक लागतं सगळं." आणि विषय बदलला.

पुढच्या रविवारी मी कणीक मळत होते. उघड्या खिडकीतून ऊन ओट्यावर आलेलं. आणि भिंतीतून कोंबडी. आधी वाटलं भास. मग दुसरी. मग एक म्हातारा, खरखरीत, भरधाव आवाज, आणि त्यावर लीलाचा त्याहून भरधाव. मी कणकेचे हात तसेच हवेत धरून उभी राहिले. शब्द एक कळत नव्हता. पण कडाक्याचं जुंपलं होतं. म्हातारी ओरडत होती, लीला ओरडत होती, मध्येच कोंबड्या. एकदा 'युरोपा' म्हणून कळलं, दोन्ही बाजूंनी, दोन वेगळ्या सुरांत. लीलाने टेबलावर काहीतरी आपटलं. म्हातारीने बहुधा बादली. मग एकदम दोघी हसल्या, आणि पुन्हा भांडायला लागल्या.

नंतर लीलाने सांगितलं, आईनेच फोन केला होता. "चुकून लागला, म्हणाली. तासभर चुकून बोलत होती. अक्रोड उतरवलेत म्हणे, आणि माझ्यासारख्या मुलीला त्यातला एकही देणार नाही म्हणे. पोत्यावर माझं नाव लिहून ठेवलंय, ते फक्त एवढं सांगायला की देणार नाही."

पण ते नंतर. त्या क्षणी मी हात धुतले, बाऊलमध्ये हात घातला आणि गणपतीला बाहेर काढलं. पाणी गार होतं, तोही गार होता. मऊ फडक्याने पुसला, सोंडेच्या वळणातलं पाणी टिपलं, आणि खिडकीतल्या उन्हात चकल्यांच्या डब्याशेजारी वाळत ठेवला. कावळे काही आत येणार नव्हते, तरी जरा वेळ तिथेच उभी राहिले.

हे चष्मा शोधत आत आले. त्यांनी देवाकडे पाहिलं, भिंतीकडे कान दिला.

"मिटलं वाटतं भांडण?"

"छे," मी म्हटलं. "सुरू झालं."